दरवर्षी एकच डोंगर, पण कोणता?

नमस्कार ताई,
आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मी सहकारी बँकेत आहे, नवरा ऐरोलीला आयटीत. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत, घरात सासूबाई, वय ७१. गेल्या नाताळात मनालीला गेलो होतो. सोलंगला मुलांनी तासभर स्की पायात घातल्या आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मुलगा सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवरून मोज्यांवर घसरतो. आम्ही दोघांनी ठरवलंय की दरवर्षी नवीन ठिकाण बघण्यापेक्षा एकच डोंगर धरायचा, तिथेच जायचं आणि चौघांनी नीट शिकायचं. वर्षाला सगळं मिळून दोन लाख बाजूला काढू शकतो, त्याच्या वर नाही. दीर म्हणतात उत्तराखंडातलं औली. शेजारी जॉर्जियाला जाऊन आलेत, ते म्हणतात तिथेच जा. मुलांना गुलमर्ग हवंय, आणि काश्मीरचं नाव काढलं की सासूबाई गप्प होतात. काय करावं?
एक वाचक, ठाणे पश्चिम

नमस्कार.

आधी उत्तर सांगून टाकते. सासूबाई मनापासून हो म्हणाल्या तर गुलमर्ग. नाही म्हणाल्या तर सोलंग, आणि त्यात काही कमीपणा नाही. औली तुमच्या रजेत बसत नाही. जॉर्जिया चांगलं आहे, पण तुमच्यासाठी अजून दोन-तीन वर्षं लवकर आहे.

एकच डोंगर धरायचा हा तुमचा विचार मला पटला. आपल्याकडची बहुतेक कुटुंबं बर्फाला एकदा जातात, भाड्याचा फरचा कोट आणि गमबूट घालून फोटो काढतात आणि पुढच्या वर्षी केरळला जातात. फिरायला ते ठीकच आहे. शिकायचं असेल तर मात्र नव्या जागी पहिले दोन दिवस चौकशीतच जातात: दुकान कुठलं बरं, शिकवणारा कोण, खोलीत गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, नवशिक्या मुलाला झेपेल असा उतार कुठल्या बाजूला. तीच जागा दुसऱ्यांदा गाठली की हे सगळं आधीच ठाऊक असतं. बर्फावर जेमतेम पाच दिवस मिळणाऱ्या माणसाला हे दोन दिवस फार महाग पडतात.

डोंगर निवडताना लोक हटकून शिखराची उंची विचारतात. पहिली दोन वर्षं तुमचा शिखराशी काडीचा संबंध येणार नाही. दोनशे-तीनशे मीटरचा एक सौम्य उतार, तो चढायचा, घसरायचा, पडायचं, पुन्हा चढायचं, एवढंच चालणार आहे. तेव्हा मी दोन गोष्टी आधी बघते. घराच्या दारापासून त्या सौम्य उतारापर्यंत पोचायला मुलांचे किती हाल होतात? आणि चार वर्षांनी मुलं तयार झाली की त्याच डोंगरावर त्यांना पुढचं काही उरतं का?

या दोन्हींत गुलमर्ग उजवं ठरतं. मुंबईहून श्रीनगरला थेट विमान आहे, तीन तासांच्या आत उतरवतं. तिथून गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. पहाटे घोडबंदरहून निघालेलं कुटुंब दिवस मावळायच्या आत गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गला कहवा पीत बसू शकतं. गुलमर्ग गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे. मध्ये मोठं खोलगट मैदान, त्याला तिकडे सगळे बाउल म्हणतात. त्याच्या कडेच्या उतारांवर नवशिक्यांसाठी छोट्या ड्रॅग लिफ्ट आहेत, म्हणजे दोराला लटकलेला दांडा धरायचा, स्की बर्फावरच ठेवायच्या आणि तो तुम्हाला ओढत वर नेतो. शिकवणारे तिथे भरपूर. केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था १९६८ पासून तिथे आहे, आणि स्कीवर वाढलेल्या माणसांची एक आख्खी पिढी टंगमर्ग परिसरात राहते.

गोंडोला म्हणजे केबल कार, तिचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगदूरीपर्यंत नेतो. दुसरा २००५ मध्ये झाला, तो अफरवट शिखराच्या अंगावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत जातो. कोंगदूरीहून मेरीज शोल्डर नावाच्या जागेपर्यंत एक चेअरलिफ्टही आहे. आता गंमत बघा. खाली बाउलमध्ये बालवाडी आहे, वर अफरवटला थेट दहावी, आणि मधल्या इयत्ता कमी. पहिल्या टप्प्याचा जंगलातून उतरणारा रस्ता आणि ती चेअरलिफ्ट, एवढ्यावरच मधली वर्षं काढावी लागतात. युरोपातल्यासारखे रोज रात्री यंत्राने सपाट केलेले लांबच लांब उतार तिथे मिळत नाहीत. गुलमर्गचं जगात नाव आहे ते मऊ, न दाबलेल्या बर्फासाठी, आणि त्या बर्फावर नवशिक्याचं काही चालत नाही.

म्हणून एक नियम लिहून फ्रिजवर लावा: दुसरा टप्पा नाही. पहिल्या वर्षी नाहीच, दुसऱ्या वर्षीही बहुधा नाही. हॉटेलवाला म्हणेल, इतक्या लांब आलात आणि वर गेला नाहीत? मुलं रुसतील. तरी नाही. अफरवटच्या उतारांवर हिमस्खलनं होतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे पोलंडचे दोन स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक. ती मुरलेली माणसं होती. मुलं दोन्ही स्की समांतर ठेवून कुठल्याही वेगात थांबू शकतील, सोबत नोंदणीकृत गाइड असेल आणि त्या दिवशी तिथल्या स्की पेट्रोलने, म्हणजे उतारांची पाहणी करणाऱ्या पथकाने, उतार खुले केले असतील, तेव्हा विचार करा. तोवर चौघांच्या तिकिटाचे ते पैसे शिकवण्यावर घाला. नुसतं बघायला म्हणून पहिल्या टप्प्यापर्यंत एकदा जाऊन या, ते पुरेसं आहे.

राहायला टंगमर्ग. गुलमर्गच्या खाली १३ किलोमीटरवर आहे आणि खोल्या वरच्यापेक्षा स्वस्त असतात. रोज सकाळी वर जायचं. ताजा बर्फ पडलेला असला की चाकांना साखळ्या बांधलेली गाडीच वर सोडतात, आणि अशा सकाळी तास-दीड तास रस्त्यात जातो. हा त्रास खरा आहे. पण दोन लाखांत चौघांना वर गुलमर्गमध्ये आठ रात्री ठेवायचं म्हटलं तर शिकवणाऱ्याला द्यायला काही उरणार नाही. खोली ठरवताना हीटिंगचे वेगळे पैसे आहेत का, रात्रभर चालतं की काही तासच, अंथरुणात इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का, हे फोनवर स्पष्ट विचारा. "सगळं आहे मॅडम" हे उत्तर धरू नका, एकेक गोष्ट वदवून घ्या.

दोन लाखांचे वाटे मी असे पाडेन. विमानाला साठ हजार, त्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, त्यासाठी तिकीट ऑक्टोबरातच काढायचं. राहणं-जेवण साठ. शिकवणारे तीस. स्की आणि बुटांचं भाडं वीस, गाड्या वीस, राखीव दहा. दर दरवर्षी हलतात, हे मी ठरवलेले वाटे आहेत एवढं लक्षात ठेवा. एखादा वाटा फुगला तर राहण्यातून कापा, शिकवण्यातून कापू नका. आपल्या लोकांचं नेमकं उलटं होतं: हॉटेल थ्री स्टार, आणि शिकवायला जो पहिला मागे लागेल तो स्लेजवाला.

शिकवणाऱ्याबद्दल जरा सविस्तर. गाडीतून उतरलात की दहा जण भोवती जमतील आणि त्यातला प्रत्येक जण स्की शिकवतो म्हणेल. त्यातले काही खरंच शिकवतात. पर्यटन खात्याचं नोंदणी कार्ड दाखवायला सांगा. पाचही दिवस तोच माणूस हवा, अशी अट घाला. दोन मुलांना मिळून एक, तुम्हा नवरा-बायकोला वेगळा, तोही तीन दिवस पुरे. मुलांच्या वर्गात आईवडिलांनी उभं राहू नये, मुलगा पडला की तुम्ही "अरे सांभाळून" म्हणणार आणि तो तुमच्याकडे बघताना पुन्हा पडणार. पहिल्या दिवशी माणूस बघून घ्या: मुलांना तो आडवं पाऊल टाकत चढायला, पडल्यावर उठायला आणि टाचा बाहेर ढकलून, पुढची टोकं जवळ आणून थांबायला शिकवतोय का? की हात धरून नुसता खाली ओढत नेतोय? ओढत नेणारा असेल तर संध्याकाळीच बदला. चांगला मिळाला तर त्याचा नंबर घ्या, ईदेला आणि दिवाळीला बोला, पुढच्या वर्षी तारखा आधी त्याला सांगा आणि मग विमान बघा.

तारखा हा तुमच्या घरातला खरा पेच आहे. नाताळच्या सुट्टीत जाऊ नका. चिल्ला-इ-कलान, म्हणजे काश्मीरची ४० दिवसांची कडाक्याची थंडी, २१ डिसेंबरला सुरू होते, पण थंडी पडली म्हणजे बर्फ पडला असं नसतं. बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, आणि अलीकडे ते उशिरा येतायत. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचं मैदान तपकिरी पडलं होतं, त्याचे फोटो सगळ्या पेपरांत आले. २०२५ मध्ये फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून मार्चवर ढकलाव्या लागल्या. कुणीही खात्री देऊ शकत नाही, पण जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा.

२६ जानेवारी आठवड्याच्या मधल्या दिवशी येत असेल तर शनिवारी निघून पुढच्या रविवारी परतायचं, सोमवार ते शुक्रवारच्या रजा चारच लागतात. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला धरूनही असंच जमतं, फक्त तेव्हा मुलीच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात. शनिवारी विमान आणि टंगमर्ग, रविवारी वर जाऊन फक्त बूट बसवून घ्यायचे आणि मैदानात फिरायचं. समुद्रसपाटीवरचं ठाणं सोडून आल्यावर एक दिवस अंगाला हवाच. सोमवार ते शुक्रवार स्की. दुसरा शनिवार मोकळा ठेवा, कारण धुकं आणि बर्फवृष्टीने श्रीनगरची विमानं रद्द होतात. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे, त्यामुळे विमान अडकलं तर खाली जम्मूकडे निघायला रस्त्याखेरीज आता एक मार्ग आहे. रेल्वेनेच जाऊन पैसे वाचवावेत असं मात्र सुचवणार नाही. वांद्र्याहून कटरा, तिथून श्रीनगर, जाऊन-येऊन चार दिवस गाडीतच जातील आणि बर्फावर तुम्हाला शाळेच्या सहलीएवढाच वेळ मिळेल.

मुलगी आता आठवीत आहे. म्हणजे यंदा आणि पुढच्या वर्षी, नववीत. दहावीच्या वर्षी डोंगर विसरा, ते पैसे साठू द्या.

आता सासूबाई. त्या गप्प का होतात हे ठाणे जिल्ह्यातल्या कुणालाही सांगायला नको. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जण मारले गेले, त्यात डोंबिवलीचे तिघे होते, पनवेलचे एक. आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीतल्या ओळखीत ती घरं आहेत. तेव्हा "काही होत नाही हो आई, आता सगळं सुरळीत आहे" असं म्हणून त्यांना गप्प करू नका. त्यांना नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा. मागे राहण्याची भीती आहे की सोबत येण्याची? ठाण्यात एकट्या राहून आठ दिवस टीव्हीसमोर बसायचं ही कल्पनाच त्यांना नको असेल, तर त्यांनी सोबत यावं का हा प्रश्न वेगळा होतो. आणि त्या म्हणाल्या की मला हे सोसवणार नाही, तर विषय तिथे संपवा. घरातलं एक माणूस दर जानेवारीत देवासमोर निरांजन लावून बसणार असेल, तर तो डोंगर तुम्हाला लाभणार नाही.

मग सोलंग. मनालीपासून १४ किलोमीटरच्या आत, उंची अडीच हजार मीटरच्या आसपास. तुम्ही बघितलंच आहे, उतार लहान आणि दुपारी गर्दी इतकी की स्की, ट्यूब, घोडे आणि भेळवाला एकाच रांगेत. सकाळी नऊला बर्फावर असाल तर अकरापर्यंत उतार बऱ्यापैकी मोकळा मिळतो. तुमच्या मुलीला सांगा, सोलंगजवळच्याच बुरुआ गावची आंचल ठाकूर अशाच लहान उतारांवर शिकली आणि २०१८ मध्ये तुर्कस्तानात आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आली, स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलं. शिवाय सासूबाईंसाठी मनाली गुलमर्गपेक्षा सोयीची आहे. गाव २,०५० मीटरवर, बाजार पायाखाली, हिडिंबेचं देऊळ आणि वशिष्ठचे गरम पाण्याचे कुंड. त्यांचे दिवस तिथे तुमच्या स्कीची वाट बघण्यात जाणार नाहीत.

सोलंगची अडचण प्रवासाची. मुंबई ते चंडीगढ विमान, पुढे रात्रीची बस किंवा दिवसभराची टॅक्सी. कुल्लूचं भुंतर विमानतळ जवळ आहे, पण विमानं लहान, आणि हवा बिघडली की ती उडत नाहीत. मनालीच्या सरकारी पर्वतारोहण संस्थेचे स्कीचे कोर्स होतात, ते साधारण दोन आठवड्यांचे. तुमच्या आठ दिवसांत ते बसत नाहीत. मुलगी बारावी झाली की तिला एकटीला तिथे पाठवा, शिस्तही लागेल आणि खर्चही आटोक्यात राहील.

सासूबाई गुलमर्गला हो म्हणाल्या तर निघण्याआधी त्यांची रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगा. त्यांच्यासाठी विमान आणि खोलीचा खर्च वाढेल, म्हणजे राखीव दहा हजार संपून वर थोडे जातील, त्याची तयारी ठेवा. टंगमर्ग गुलमर्गपेक्षा पाचेकशे मीटर खाली आहे, हेही तिथे राहण्याचं एक कारण.

दिरांच्या औलीबद्दल मला ममत्व आहे. समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर, आणि शिकायला इतका सलग उतार आपल्या देशात दुसरीकडे सहज मिळत नाही. गढवाल मंडल विकास निगम तिथे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स घेतं, राहणं, जेवण, सामान, शिकवणं सगळं धरून. कॉलेजातल्या मुलांना मी डोळे झाकून औलीच सांगते. पण ऋषिकेशपासून औलीच्या पायथ्याचं जोशीमठ अडीचशे किलोमीटर, घाटाचा रस्ता, दहा तास. विमानाने डेहराडून गाठलं तरी एक रविवार जाताना आणि एक शनिवार येताना त्या रस्त्यावर जाणार, आणि चौथीतला मुलगा त्या वळणांवर काय करेल ते तुम्ही जाणताच. जोशीमठची जमीन खचू लागली तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, तिथून औलीला नेणारा चार किलोमीटरचा रोपवे बंद केला गेला. तो पुन्हा सुरू आहे असं स्वतः फोन करून कळल्याशिवाय त्याच्या भरवशावर बेत आखू नये. त्याच वर्षी औलीतल्या राष्ट्रीय स्पर्धाही बर्फाअभावी रद्द झाल्या.

जॉर्जियाचं गुदौरी, किंवा कझाकस्तानात अल्माटीजवळचं शिंबुलाक, दोन्ही ठिकाणी गुलमर्गात नाहीत त्या मधल्या इयत्ता आहेत. सपाट केलेले, खुणा लावलेले लांब उतार. शिंबुलाक तर शहरापासून २५ किलोमीटरवर आहे, आणि कझाकस्तानला भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पण नवशिक्याने तिथे आख्ख्या डोंगराचा पास काढायचा आणि पायथ्याच्या छोट्या पट्ट्यावर आठवडा काढायचा, हा तुमच्या दोन लाखांत न परवडणारा व्यवहार आहे. मुलं वळायला आणि थांबायला शिकली की एका वर्षी, गुलमर्गला पर्याय म्हणून, जाऊन या. शेजाऱ्यांना तसं सांगा म्हणजे तेही नाराज होणार नाहीत.

कुर्ल्या-घाटकोपरच्या मॉलमधल्या बर्फघराने सराव होईल का, असं मुलं विचारतीलच. खेळायला जा, स्की शिकायला नाही. दुबईत नातेवाईक असतील तर तिथल्या मॉलमध्ये ४०० मीटरची खरी घसरण आहे, पण त्यासाठी मुद्दाम कुणी जाऊ नये.

आता बूट. सहल बिघडते ती बहुतेक वेळा बुटामुळे. भाड्याच्या दुकानात मुलाला नेहमी एक नंबर मोठा बूट देतात, कारण तो पटकन पायात जातो आणि मूल ओरडत नाही. दुपारी त्याच बुटात टाच उचलली जाते, स्की वळत नाही, आणि मूल म्हणतं मला जमतच नाही. बूट घातल्यावर सरळ उभं राहिलं की बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. मग गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर टेकवायची, तेव्हा बोटं जरा मागे सुटतात. टाच जागची हलता कामा नये. क्लिपा खालून वर लावायच्या, आणि लावण्याआधी प्रत्येक उघडून-मिटून बघायची, तुटकी असेल तर जोडी परत. मोजा एकच, गुडघ्यापर्यंतचा, पातळ. आपली माणसं थंडी म्हणून दोन जाड सुती मोजे चढवतात. घामाने ते ओले होतात, सुरकुती पडते आणि संध्याकाळी नडगी सोलून निघते. थर्मलची पँटही बुटात खोचायची नाही, बुटाच्या वरच्या कडेपाशीच संपवायची.

स्की घेताना हनुवटीएवढी उंच घ्या. दुकानदार लांब देऊ लागला तर नको म्हणा. आणि बूट जिथे स्कीत अडकतो त्या बाइंडिंगवर एक आकडा असतो. पडल्यावर स्की पायातून सुटायला किती जोर लागेल ते त्यावर ठरतं. मागच्या गिऱ्हाईकाला लावलेला आकडा तसाच असतो. मुलाचं वजन सांगून तो तुमच्या समोर त्याप्रमाणे लावून घ्या.

हेल्मेट, गॉगल, पाणी न शिरणारे हातमोजे आणि मोजे विकत घ्या, दिवाळीच्या खरेदीतच धरा. मुलांच्या मापाची हेल्मेटं भाड्याने चांगली मिळतीलच असं नाही. डिकॅथलॉनमध्ये बघा, आपल्याकडे बर्फाचा माल वर्षभर ठेवत नाहीत, तेव्हा थंडीच्या सुरुवातीलाच जा. जॅकेट आणि पँट ओळखीत कुणाकडून मागून आणा. जीन्स मात्र कुणीही घालायची नाही. जीन्समध्ये स्की करणारी मुंबईकर मंडळी दुपारी लांबूनही ओळखू येतात, गुडघ्याखाली पँट गोठून ताठ झालेली असते आणि माणूस पाय न वाकवता चालत असतो.

ऑक्टोबरपासून तुम्ही दोघांनी मांड्या तयार करा. लिफ्ट सोडून जिन्याने चढा, आणि मुख्य म्हणजे जिन्याने उतरा, स्कीत काम उतरतानाच्या स्नायूंचं असतं. रविवारी येऊरला चढून या. मुलांना रॅम्पवर मोज्यांवर घसरण्यापेक्षा इनलाइन स्केट्स आणून द्या. एका रांगेत चाकं असलेल्या त्या स्केट्सवर वळताना वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं, ते थेट बर्फावर कामाला येतं. हेल्मेटचा उपयोगही तिथूनच सुरू होईल.

आणि गुलमर्ग ठरलं तर निघण्याच्या महिनाभर आधी घरातला किमान एक फोन पोस्टपेड करून घ्या. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. सासूबाई ठाण्यात राहिल्या तर रोज संध्याकाळी सहाला फोन ठरवून ठेवा, आणि त्या सोबत आल्या तर पोस्टपेड सिम त्यांच्याच फोनमध्ये घाला. दिवसभर तुम्ही चौघं बर्फावर असणार, हातमोजे घालून फोन उचलता येत नाही.